केस विरळ झाले आहेत: डोके तुळतुळीत करून टाकावे का?

उंबरठा (धागाकर्ता)

नमस्कार. माझे वय ३८ आहे आणि गेली सहा-सात वर्षे माझे केस विरळ होत चालले आहेत. सुरुवात कानशिलांवरून झाली, मग भोवऱ्याभोवतीची कातडी दिसू लागली, आणि आता समोरची व मागची उघडी जागा एकमेकींना मिळण्याच्या बेतात आहे. केस गेल्याचे दुःख एव्हाना बोथट झाले आहे. ते गेलेले दिसू नयेत म्हणून रोज जो खटाटोप करावा लागतो, त्याचा मात्र मला मनापासून वीट आला आहे.

हा खटाटोप नेमका काय असतो ते सांगतो, कारण ज्यांचे केस दाट आहेत त्यांना त्याची कल्पना येणे अवघड आहे. ओल्या केसांचे पुंजके होऊन टाळू जास्तच उघडी पडते, म्हणून अंघोळीनंतर केस पूर्ण वाळेपर्यंत मी खोलीबाहेर येत नाही. मग मोठ्या आरशाकडे पाठ करून, हातात छोटा आरसा धरून, मागचा भाग बघत एकेक बट जागेवर बसवतो. भांग दर वर्षी थोडा थोडा खाली सरकत आता कानाच्या वर चार बोटांवर आला आहे. घराबाहेर पडलो की वारा कोणत्या बाजूने येतो आहे याकडे आधी लक्ष जाते. लिफ्टच्या छतावर दिवा असेल तर मी भिंतीला पाठ लावून उभा राहतो, आणि बैठकीत शेवटची रांग धरतो, म्हणजे आपल्या मागे कोणी बसत नाही. गेल्या महिन्यात सहकाऱ्यांचे एक छायाचित्र जिन्यावर उभे राहून, वरून काढले गेले. त्यात मी स्वतःला आधी ओळखलेच नाही, आणि ओळखल्यावर दोन दिवस मला दुसरे काही सुचले नाही.

तेव्हापासून सगळे केस काढून टाकावेत असे सारखे मनात येते, पण हात धजत नाही. डोक्याचा आकार केसांखाली कसा आहे हे मला ठाऊक नाही. मी आजारी आहे असे लोकांना वाटेल का, ही एक धास्ती आहे. सर्वांत अवघड गोष्ट अशी की जे थोडेफार उरले आहे तेही आपल्याच हाताने काढून टाकणे म्हणजे हार मानणे, असे आत कुठेतरी वाटत राहते. ज्यांनी हा निर्णय घेतला, आणि ज्यांनी पूर्ण विचार करून तो घेतला नाही, अशा दोघांचेही अनुभव मला वाचायचे आहेत.

नीरव

मी नऊ वर्षांपूर्वी डोके पूर्ण तासले आणि तेव्हापासून तसेच ठेवले आहे. निर्णयाला चार वर्षे लागली, प्रत्यक्ष कामाला वीस मिनिटे. त्या चार वर्षांत मीही तुमच्यासारखाच छतावरचे दिवे मोजत होतो, म्हणून तुमचे लिहिणे वाचताना मला थांबून थांबून वाचावे लागले.

माझा निर्णय कसा झाला ते सांगतो. एका रात्री मी वहीत लिहून काढले की केसांमुळे गेल्या महिनाभरात मी काय काय टाळले. पोहायला जाणे टाळले होते. पावसात भिजणे टाळले होते. मुलीला खांद्यावर बसवणे टाळले होते, कारण ती आधारासाठी केसांत हात घालायची आणि सगळी मांडणी विस्कटायची. ही शेवटची ओळ लिहिल्यावर मी वही मिटली. आरशात बघून मला चार वर्षांत जे ठरवता आले नव्हते, ते त्या पानाने एका रात्रीत ठरवले. तुम्हीही अशी यादी करून बघा, असे मी आग्रहाने सांगेन. यादी लहान निघाली तर घाई करण्याचे काहीच कारण नाही.

हार मानण्याबद्दल तुम्ही लिहिले आहे, त्यावरून टेनिसपटू आंद्रे आगासीची गोष्ट आठवते. १९९० साली फ्रेंच खुल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तो उतरला तेव्हा त्याच्या डोक्यावर केसांचा टोप होता. आदल्या रात्री तो टोप धुताना सुटू लागला होता आणि पिना लावून कसाबसा सावरला होता. त्या दिवशी आपण विजयासाठी नव्हे तर टोप पडू नये म्हणून प्रार्थना करत होतो, असे त्याने पुढे २००९ मध्ये आत्मचरित्रात स्वतः सांगितले. तो सामना तो हरला. काही वर्षांनी त्याने केस काढून टाकले, आणि १९९९ मध्ये तीच स्पर्धा उघड्या डोक्याने जिंकली. केस काढले म्हणून जिंकला असे कोणी म्हणणार नाही. पण अंतिम सामन्यात उभ्या असलेल्या माणसाचे अर्धे लक्ष डोक्यावरच्या पिनांकडे असणे म्हणजे काय, हे आपल्यासारख्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

एक व्यवहाराची सूचना करतो. एकदम वस्तऱ्यापर्यंत जाऊ नका. केस कापण्याच्या मशीनला वेगवेगळ्या उंचीच्या कंगव्यांची टोपणे मिळतात. आधी ६ मिलिमीटर, दोन आठवड्यांनी ३, मग दीड, असे उतरत या. लांब केस पातळ झाले की मधली कातडी पट्ट्यापट्ट्यांनी दिसते. आखूड केसांत भरलेली जागा आणि रिकामी जागा यांच्यातला फरकच कमी होतो, त्यामुळे विरळपणा नजरेत भरत नाही. बहुतेकांचा प्रश्न या पायऱ्यांवरच कुठेतरी सुटतो. डोक्याचा आकारही ३ मिलिमीटरवर पुरता कळतो, म्हणजे ती भीतीही परस्पर निकालात निघते.

वैद्यसखी

मी त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करते. मशीन हातात घेण्याआधी केस का जात आहेत हे एकदा तपासून घ्या, एवढी माझी विनंती आहे, आणि ती मी सविस्तर लिहिते, कारण पुष्कळ लोक ही पायरी गाळतात.

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यांतले रोज ५० ते १०० गळणे स्वाभाविक असते. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, सुमारे तीन महिने तो तसाच राहतो आणि मग गळून पडतो. त्याच मुळातून नवा केस येतो. आनुवंशिक टक्कल पडते तेव्हा या चक्रातला वाढीचा काळ आखडत जातो. शरीरातले टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक एका विकरामुळे (एन्झाइममुळे) डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये बदलते, आणि समोरची, टाळूवरची व भोवऱ्याची मुळे या संप्रेरकाला जन्मतःच संवेदनशील असतील तर ती हळूहळू आक्रसतात. आधी जाड केस येत होता तिथे पातळ केस येतो, नंतर नुसती लव उरते. मागच्या व बाजूच्या मुळांवर हा परिणाम सहसा होत नाही, म्हणून शेवटी घोड्याच्या नालेसारखी कड शिल्लक राहते. जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवून दिले की वयात येण्यापूर्वी ज्यांचे वृषण काढले गेले अशा पुरुषांना हे टक्कल पडत नाही, आणि पुढचे सगळे संशोधन त्या निरीक्षणावर उभे राहिले. आज आम्ही जी सात टप्प्यांची मोजपट्टी वापरतो ती त्यांच्याच वर्गीकरणात ओटार नॉरवूड यांनी १९७५ मध्ये सुधारणा करून केलेली आहे.

परंतु केस विरळ होण्याची हीच एक वाट नाही. मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा झपाट्याने वजन उतरणे यानंतर दोन-तीन महिन्यांनी मुठी-मुठीने केस गळू शकतात. हे गळणे सगळ्या डोक्यावर सारखे असते आणि कारण दूर झाले की बहुधा सहा महिन्यांत थांबते. अशा माणसाने घाबरून डोके तासले तर बिघडत काही नाही, पण कायमचे गेले असे समजून जो शोक केलेला असतो तो विनाकारण असतो. थायरॉइडचा विकार आणि लोहाची कमतरता ही आणखी दोन नेहमीची कारणे. नाण्याएवढे गोल, गुळगुळीत चट्टे पडत असतील तर तो चाई नावाचा वेगळा आजार असतो, ज्यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच केसांच्या मुळांवर हल्ला करते. आणि कातडी लाल होणे, दुखणे, खपल्या धरणे यांबरोबर केस जात असतील तर दिवस काढू नयेत, कारण त्या प्रकारात मुळांच्या जागी व्रण तयार होतो आणि तिथे पुन्हा केस येत नाहीत.

तपासणीला येताना केस असलेले बरे, हेही आवर्जून सांगते. भिंगाखाली आम्ही शेजारशेजारच्या केसांच्या जाडीतला फरक पाहतो, आणि हलका ताण देऊन किती केस सुटतात तेही बघतो. आदल्या दिवशी तुळतुळीत करून आलेल्या डोक्यावर यातले थोडेच जमते.

उंबरठा

आपण दोघांनी इतके मनापासून लिहिलेत, याबद्दल आभारी आहे. माझ्या बाबतीत चट्टे, खाज किंवा दुखणे काही नाही, आणि सगळे अगदी सावकाश होत आले आहे. वडिलांना तिशीतच टक्कल पडले होते. आईच्या वडिलांचे केस मात्र शेवटपर्यंत दाट होते, आणि केसांचा वारसा आजोळकडून येतो असे ऐकल्यामुळे मी कैक वर्षे स्वतःला धीर देत राहिलो होतो.

यादी केली. तिच्यात अकरा ओळी झाल्या.

वैद्यसखी

आजोळच्या समजुतीत थोडे तथ्य आहे, कारण या संप्रेरकाला प्रतिसाद देणारे एक महत्त्वाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलाला ते आईकडून मिळते. पण टकलाशी संबंधित जनुके पुष्कळ आहेत आणि ती दोन्हीकडून येतात, त्यामुळे वडिलांचे डोकेही तितकेच बोलके असते. तुमचे वर्णन आनुवंशिक प्रकाराशी जुळते. तरी एकदा दाखवून घ्या.

सातत्य

औषधांचा विषय निघाला नाही, म्हणून लिहितो. मी पाच वर्षे मिनॉक्सिडिल लावतो आहे. मुळात हे रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा त्याचा हा उपयोग ध्यानात आला, आणि अमेरिकेत १९८८ मध्ये डोक्यावर लावण्यासाठी त्याला मान्यता मिळाली. पहिल्या काही आठवड्यांत माझे केस उलट जास्त गळाले. नव्या वाढीला वाट करून देण्यासाठी जुने केस लवकर सुटतात, हे आधी माहीत नसते तर मी तिथेच थांबलो असतो. चार ते सहा महिने दम धरल्यावर भोवरा थोडा भरला. कपाळावर फरक पडला नाही.

दुसरे औषध फिनास्टेराइड. ते पोटात घ्यायचे असते आणि वैद्यसखी यांनी सांगितलेल्या त्या विकरालाच अडवते. ते मी डॉक्टरांशी बोलून न घेण्याचे ठरवले, कारण थोड्या पुरुषांत लैंगिक इच्छा मंदावणे किंवा मन उदास राहणे असे परिणाम होतात आणि माझा स्वभाव मुळातच काळजीखोर आहे. माझा एक मित्र ते आठ वर्षे घेतो आहे, त्याला काहीही त्रास नाही आणि केसही टिकले आहेत. दोन्ही औषधांचे एक कलम सारखेच आहे: बंद केली की काही महिन्यांत, फार तर वर्षभरात, मिळवलेले सगळे निघून जाते.

म्हणून मला वाटते की औषध घ्यायचे की केस काढायचे हा प्रश्न दोन स्वतंत्र प्रश्नांत फोडावा. केस आखूड ठेवूनही औषध चालू ठेवता येते, उलट ते लावणे सोपे जाते. आणि औषधाचा विचार असेल तर तो लवकर केलेला बरा, कारण ही औषधे असलेले केस टिकवण्यात जितकी उपयोगी पडतात तितकी गेलेले परत आणण्यात पडत नाहीत.

मृण्मयी_

मी स्त्री आहे, ४४ वर्षांची. या विषयावरच्या चर्चेत आम्ही सहसा नसतो, म्हणून मुद्दाम लिहिते. बायकांचे केस बहुधा समोरून मागे हटत नाहीत. भांगाची रेघ रुंदावत जाते. माझी रेघ दहा वर्षांत बोटाएवढी रुंद झाली. वेणी घातली की ती करंगळीसारखी दिसायची, आणि घट्ट बांधल्याने मुळांवर ताण येऊन कडेचेही केस गेले.

मी दीड वर्षापूर्वी सगळे केस काढले. पुरुषाने डोके तासले तर लोक एक दिवस बघतात. बाईला मात्र थेट विचारतात की कोणता आजार आहे, उपचार कुठे चालू आहेत. पहिल्या महिन्यात मला हा प्रश्न इतक्यांदा आला की मी एक वाक्य तयार ठेवले: “तब्येत उत्तम आहे, केस विरळ झाले होते म्हणून काढले.” आवाज न चढवता, न हसता, एवढेच. त्यानंतर पुढचा प्रश्न जवळपास कोणीच विचारत नाही. उंबरठा, आजारी समजतील ही तुमची धास्ती खोटी नाही, पण ती एका वाक्याने आवरते, आणि हे वाक्य आदल्या रात्री मोठ्याने म्हणून बघावे, कारण पहिल्यांदा उच्चारताना आपलाच आवाज कापतो.

अमेरिकेतील लोकप्रतिनिधी आयाना प्रेस्ली यांनी २०२० च्या जानेवारीत चाईमुळे आपले सगळे केस गेल्याचे कॅमेऱ्यासमोर उघड्या डोक्याने सांगितले. ती चित्रफीत मी माझ्या निर्णयाआधी बऱ्याचदा पाहिली होती. त्यांचा आजार वेगळा, माझा वेगळा, पण टोप बाजूला ठेवून बोलणारा बाईचा चेहरा मला तेव्हा कुठेतरी बघायला हवा होता.

माझ्याकडे अजून एक चांगला टोप आहे आणि कधीकधी मी तो वापरतेही. लपवण्यासाठी घालणे आणि आवडला म्हणून घालणे यांतला फरक मला आरशात कळतो.

कातरवेळ

मी उलट बाजूचा अनुभव सांगतो. मी डोके तासले आणि पस्तावलो. नोकरी गेली होती, घरात भांडण झाले होते, आणि रात्री एक वाजता मी दाढीच्या पात्याने सुरुवात केली. अर्ध्यावर पाते अडले, तीन ठिकाणी कापले, आणि सकाळी आरशात जो माणूस दिसला त्याच्याकडे पाहून आदल्या दिवसाचे सगळे दुःख पुन्हा अंगावर आले. डाव्या कानामागे लहानपणीची एक लांब खूण आहे, हे मला तोवर माहीतही नव्हते.

केस वाढले, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या गतीने, जितके होते तितकेच. दाट झाले नाहीत आणि कमीही झाले नाहीत. तासल्याने केस राठ आणि दाट येतात ही समजूत मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच प्रयोगाने खोडून काढली होती. कापलेल्या केसाचे टोक निमुळते न राहता बोथट होते, म्हणून तो हाताला जाड लागतो, एवढेच. तेव्हा वाढून दाट येतील या आशेने कोणी हे करू नये, आणि कायमचे नुकसान होईल या भीतीने कोणी अडून राहू नये. मात्र मन सैरभैर असताना करू नये. आठवडाभर आधी दिवस ठरवावा, आणि तो दिवस आला तरी इच्छा तशीच असेल तर करावे. मी आता ६ मिलिमीटरवर आहे आणि समाधानी आहे.

रोजनिशी

प्रत्यक्ष तासण्याबद्दल कोणीच सविस्तर लिहिले नाही, आणि पस्तावणारे बहुतेक लोक तिथेच पस्तावतात. मी सात वर्षे एक दिवसाआड डोके तासतो.

आधी मशीनने केस शक्य तितके बारीक करावेत. लांब केसांवर पाते फिरवले की ते लगेच तुंबते आणि ओढते. मग गरम पाण्याने अंघोळ करून, डोके ओले असतानाच जेल किंवा फेस लावावा. पाते नवे असावे आणि हाताचा दाब जवळजवळ नसावा. केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने पाते न्यावे, आणि ही दिशा डोक्यावर सगळीकडे सारखी नसते: समोर पुढे, बाजूला खाली, मानेवर बऱ्याचदा तिरपी, आणि भोवऱ्यावर तर गोल. मी डोळ्यांपेक्षा डाव्या हाताच्या बोटांवर भिस्त ठेवतो. बोट फिरवले की कुठे खरखर उरली आहे ते लगेच लागते. मानेच्या वर हाडाचा जो उंचवटा असतो तिथे आणि कानामागच्या घडीत हमखास कापते, तिथे कातडी दुसऱ्या हाताने ताणून धरावी. शेवटी गार पाणी आणि बिनवासाचे मलम. केस कुरळे असतील तर उलट दिशेने अजिबात जाऊ नये, कारण कापलेले टोक वळून कातडीत शिरते आणि पुळ्या येतात. अशांनी १ मिलिमीटर ठेवून मशीनवरच थांबणे शहाणपणाचे आहे.

पहिल्या काही आठवड्यांत टाळूचा रंग चेहऱ्यापेक्षा फिकट दिसतो, तो हळूहळू मिसळून जातो. दुसऱ्या दिवशी खुंट उगवतात आणि उशीच्या अभ्र्याला, स्वेटरच्या गळ्याला अडकतात. घाम आता थेट भुवयांवर उतरतो. उन्हाची बाब सर्वांत गंभीर आहे: टाळू आकाशाला समोरासमोर असते, त्यामुळे उन्हाचा मारा तिथेच सर्वाधिक बसतो आणि त्वचेच्या कर्करोगाचा धोकाही तिथे वाढतो. किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन, उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा, आणि टोपी. आणखी एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती: कपाटाच्या उघड्या दाराशी डोके जाते तेव्हा केस आधी टेकून इशारा देत असतात. ते गेल्यावर पहिले दोन महिने मी बऱ्याच कडांवर आपटलो.

जसे_आहे_तसे

सर्वांचे वाचून एक शंका विचारावीशी वाटते. लपवणे किंवा काढून टाकणे, या दोनच वाटा आहेत असे आपण सगळे का धरून चाललो आहोत? माझे केस उंबरठा यांच्याइतकेच विरळ आहेत. मी भांग पुन्हा जिथे होता तिथे नेला, बाजूचे केस आखूड केले, आणि वरचे जसे आहेत तसे सोडून दिले. टाळू दिसते, तर दिसो. चेहऱ्याभोवती केसांची कड असलेली मला आवडते आणि एक दिवसाआड तासण्याचा नवा नेम मला नको आहे. माझ्या मते वीट येतो तो लपवण्याचा, आणि लपवणे थांबवायला वस्तरा लागतोच असे नाही.

नीरव

हे मला मान्य आहे, आणि माझ्या पहिल्या प्रतिसादात ते यायला हवे होते. स्वतःपुरते एवढेच सांगेन की वरचे केस होते तोवर माझा हात सवयीने तिकडे जातच राहिला. मला ती सवय सोडता आली नाही, म्हणून मी केस सोडले.

अन्वय

लोक काय म्हणतील या बाजूने थोडी माहिती देतो. अमेरिकेतील व्हॉर्टन संस्थेचे अल्बर्ट मॅनेस यांनी २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या एका प्रयोगात पुरुषांची छायाचित्रे घेऊन संगणकावर त्यांचे केस काढून टाकले, आणि बघणाऱ्यांना तीच माणसे बिनकेसांची अधिक दबदबा असलेली, जवळपास एक इंच उंच आणि १३ टक्के अधिक बलवान वाटली. हा अभ्यास इंटरनेटवर फार आनंदाने फिरवला जातो, पण त्याच अभ्यासात तासलेले डोके काहीसे वयस्क आणि कमी देखणे वाटल्याचेही आढळले होते, हे कोणी सांगत नाही. उंबरठा यांच्या प्रश्नाशी जवळचा निष्कर्ष वेगळाच आहे: पूर्ण केस, तासलेले डोके आणि विरळ केस या तिघांत सर्वांत कमी गुण विरळ केसांना मिळाले. छायाचित्राकडे बघणारा अनोळखी माणूस आणि रोज सोबत वावरणारा सहकारी यांत अंतर असते, त्यामुळे यावर निर्णय टांगू नये. माझ्या ओळखीच्या दोघांनी डोके तासले, तेव्हा आठवड्याभरात मला त्यांचे जुने रूप आठवेनासे झाले होते.

उंबरठा

तीन आठवड्यांनी परत येतो आहे. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवले, आनुवंशिकच आहे असे निदान झाले. मिनॉक्सिडिलबद्दल विचार केला आणि रोज, कायम लावण्याची माझी तयारी नाही हे स्वतःशी प्रामाणिकपणे मान्य केले.

कातरवेळ यांनी सांगितल्याप्रमाणे दिवस आधी ठरवला होता. न्हाणीघरात जमिनीवर जुने वर्तमानपत्र पसरले आणि ६ मिलिमीटरने सुरुवात केली. मागचा भाग पत्नीने केला. पहिल्या पट्ट्यानंतर तिने मशीन थांबवून विचारले, “पुढे जाऊ?” मी हो म्हणालो खरा, पण खाली पडलेली ती लांब बट, जी मी इतकी वर्षे डावीकडून उजवीकडे नेत होतो, ती कागदावर इतकी थोडी दिसली की मला क्षणभर बोलता आले नाही. गेल्या रविवारी ३ मिलिमीटरवर आलो. डोके मागून थोडे चपटे आहे. इतकी वर्षे ज्याची भीती बाळगली ते एवढेच होते.

कार्यालयात पहिल्या दिवशी तिघांनी विचारले. मृण्मयी यांचे वाक्य मी माझ्या शब्दांत म्हटले आणि आवाज खरोखरच कापला. दुसऱ्या दिवशी एकाने विचारले, तिसऱ्या दिवसापासून कोणी नाही.

एक प्रश्न आहे. मागे, उजव्या कानाच्या वर, पत्नीला एक काळसर तीळ दिसला, तो आम्हा दोघांनाही माहीत नव्हता. तपासणीच्या दिवशी केस होते, त्यामुळे तेव्हा तो कोणाच्या नजरेस आला नसावा. काळजी करावी का?

वैद्यसखी

केस काढल्यावर तीळ सापडणे नेहमीचे आहे आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. तरी पाच गोष्टी बघा: दोन अर्धे एकमेकांसारखे आहेत का, कड स्वच्छ आहे की दातेरी, रंग एकच आहे की अनेक, रुंदी ६ मिलिमीटरपेक्षा जास्त आहे का, आणि तो बदलतो आहे का. पाचवी गोष्ट आज कळणार नाही, म्हणून शेजारी मोजपट्टी धरून छायाचित्र काढून ठेवा. या निमित्ताने पुन्हा एकदा दाखवून या. प्रत्यक्ष तपासणीची जागा धाग्यावरचे उत्तर घेऊ शकत नाही.

उंबरठा

दाखवून आलो. साधा तीळ आहे, वर्षाने पुन्हा बघायला सांगितले आहे. छायाचित्र काढून ठेवले आहे.

वस्तरा मी घेतलेला नाही आणि सध्या घेणार नाही. ३ मिलिमीटरवर माझा हात आपोआप डोक्याकडे जायचा थांबला, आणि यादीतल्या अकरापैकी आठ ओळी मी खोडल्या आहेत. पोहणे अजून बाकी आहे. दर रविवारी सकाळी दहा मिनिटे मशीन फिरवतो आणि मागचा भाग पत्नी करते. गेल्या आठवड्यात सनस्क्रीन न लावता दुपारभर बाहेर राहिलो आणि भोवऱ्याजवळची कातडी सोलली गेली, तेव्हा रोजनिशी यांचा तो परिच्छेद पुन्हा वाचला. आता बाटली दाराजवळच, किल्ल्यांच्या शेजारी ठेवली आहे.